साखर चिकटते आणि साखर विणली जाते

थंडीच्या सकाळी लखनौच्या चौकात, गोल दरवाज्याजवळ, मक्खन मलाईचे ठेले लागतात. माझी मावसबहीण लग्न होऊन या शहरात आली त्याला एकतीस वर्षं झाली. मी हिवाळ्यात गेलो की ताई मला तिथे हमखास घेऊन जायची. यंदा ती ठेल्यापासून चार पावलं लांबच उभी राहिली. "गोड सोडलंय मी. पूर्ण. अकरा महिने झाले," म्हणाली. तिने शालीतून हात बाहेर काढला, तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरात वाकलेली दिसली. ती मागच्या वर्षी सरळ होती.

ताईला आमवात आहे. डॉक्टर त्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. गेली अनेक वर्षं आठवड्यातून एक दिवस मेथोट्रेक्सेट घेऊन तिने तो आवरून धरला होता. मग कुणीतरी तिला आरोग्यावरच्या एका व्याख्यानाला नेलं. तिथे सांगण्यात आलं की साखर प्रथिनांना चिकटते, असं चिकट प्रथिन शरीराला परकं वाटतं आणि म्हणून शरीर स्वतःवरच तुटून पडतं. साखर बंद केली की रोगाचं मूळच जातं. ताईने घरी येऊन फाइल उघडली. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर छापलेलं होतं: ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन, ५.९ टक्के. तिला तो पुरावाच वाटला. साखर त्याच आठवड्यात बंद झाली. मूळच जाणार असेल तर गोळी कशाला, म्हणून दुसऱ्या महिन्यात गोळीही तिने बंद केली.

हा समज एकट्या ताईचा नाही. पुण्यात, नागपुरात, लग्नाच्या पंगतीत, मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यावर मी तो ऐकत आलो आहे, आणि तो सांगणारे बहुतेक लोक मनापासून सांगतात. म्हणून तो मला नीट खोडून काढायचा आहे. जीवरसायन शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हे माझं कामच आहे. पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडायचा, ही आपल्याकडची खंडनाची रीत नाही. पूर्वपक्षाला त्याचं सगळं बळ दिलं पाहिजे.

तर त्याचं बळ असं. साखर प्रथिनांना चिकटते, हे खरं आहे. आमवाताच्या रुग्णांच्या प्रतिपिंडांवरची साखर निरोगी माणसापेक्षा वेगळी असते, हेही खरं आहे. १९८५ मध्ये ऑक्सफर्डचे रेमंड ड्वेक आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर'मध्ये ते दाखवून दिलं. आणि अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकाळ चाललेल्या पाहणीतून २०१४ मध्ये असं पुढे आलं की रोज साखरेची थंड पेयं पिणाऱ्या स्त्रियांमध्ये एका प्रकारच्या आमवाताचं प्रमाण जास्त होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांना एकत्र बांधणारी दोरी मात्र खोटी आहे.

दोरीची पहिली गाठ त्या छापील कागदावरच आहे. हिमोग्लोबिनला साखर लागते तिला 'ग्लायकोसिलेटेड' म्हणणं चूक आहे. योग्य शब्द 'ग्लायकेटेड'. रसायनशास्त्रज्ञांनी हा फरक चार दशकांपूर्वी ठरवून दिला, तरी अनेक प्रयोगशाळांच्या कागदांवर जुना शब्द तसाच आहे. दोन शब्दांत एका अक्षरसमूहाचा फरक, पण गोष्टी दोन टोकांच्या. ग्लायकेशनमध्ये रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या टोकाशी आपोआप जाऊन बसतं. कुणी विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला बसवत नाही, जागा नेमून देत नाही. रक्तात ग्लुकोज जितकं जास्त आणि पेशी जितकी जुनी, तितकं ते जास्त. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून या तपासणीतून मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी कळते. ताईचे ५.९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याची सूचना. ती गंभीरपणे घ्यायलाच हवी. पण तिच्या बोटांबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही.

ग्लायकोसिलेशन हे काम आहे, अपघात नाही. पेशीच्या आत प्रथिन तयार होत असतानाच चौदा शर्करांची एक तयार साखळी त्याच्या ठरावीक जागी बसवली जाते. मग काही शर्करा कापल्या जातात, पुढच्या दालनात नव्या जोडल्या जातात: मॅनोज उतरतं, गॅलॅक्टोज चढतं, टोकाला सियालिक आम्ल लागतं, बुडाशी फ्यूकोज. प्रत्येक जोडणीला वेगळं विकर. आपल्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास प्रथिनं अशी शर्करा अंगावर घेऊनच वावरतात. ती नसेल तर कित्येक प्रथिनांची घडीच नीट बसत नाही आणि पेशी ती बाहेर सोडत नाही. ही साखर 'लागलेली' नाही, विणलेली आहे.

विणलेली हा शब्द मला लखनौनेच दिला. ताईच्या घराजवळ एक बाई चिकनचं काम करतात. ताईसोबत मी तिथे तासभर बसलो. आधी लाकडी ठशाने मलमलीवर नीळ छापतात. त्या निळ्या रेघांवरून टेपची, बखिया, मुर्री असे टाके पडत जातात. शेवटी कापड धुतलं की नीळ निघून जाते. सगळ्यात अवघड काम जाळीचं. मला वाटायचं की जाळीसाठी धागे कापतात किंवा ओढून काढतात. तसं नाही. त्या बाईंनी सुई कापडात घालून उभे-आडवे धागे हलकेच बाजूला सारले आणि टाका असा आवळला की भोक उघडंच राहिलं. टाका सोडला तर भोक मिटतं.

प्रतिपिंडात, म्हणजे आयजीजी नावाच्या रेणूत, नेमकं हेच आहे. इंग्रजी वाय अक्षरासारख्या या रेणूच्या खालच्या दांड्यात दोन भाग समोरासमोर असतात. प्रत्येकाच्या २९७ व्या जागी एक शर्करासाखळी असते आणि या दोन साखळ्या त्या फटीत बसून ती उघडी ठेवतात. साखळ्या काढून टाकल्या तर फट मिटू पाहते आणि प्रतिपिंडाची संरक्षक पेशींवरची पकड जवळजवळ सुटते. जाळीतला टाका काढल्यासारखंच. आणि टाका नुसता आहे की नाही एवढंच नव्हे, कुठल्या धाग्याचा आहे यावरही सगळं फिरतं. बुडाचं फ्यूकोज नसेल तर तोच प्रतिपिंड मारक पेशींना कैक पटींनी घट्ट धरतो; कर्करोगाविरुद्धची काही प्रतिपिंड-औषधं मुद्दाम फ्यूकोज काढून बनवतात ती त्याचसाठी. डेंग्यू गंभीर वळण घेतो अशा रुग्णांतही फ्यूकोज नसलेले प्रतिपिंड जास्त आढळले आहेत. डेंग्यूचा पावसाळा लखनौलाही नवा नाही.

एका बाबतीत मात्र चिकनकारी आणि पेशी यांचा मार्ग वेगळा होतो, आणि तो फरक महत्त्वाचा आहे. पेशीत निळीचा छाप नसतो. प्रथिनातला अमिनो आम्लांचा क्रम जनुक छापून देतं. शर्करासाखळीचा नमुना कुठल्याही जनुकात छापलेला नाही. कुठली विकरं हाताशी आहेत, किती वेळ मिळाला, कोणतं संप्रेरक जोरात आहे, शरीरात दाह आहे का, यावरून तो तिथल्या तिथे ठरतो. म्हणून एकाच माणसाच्या, एकाच जनुकातून आलेल्या आयजीजीवर तीसेक प्रकारच्या साखळ्या सापडतात.

आता ड्वेक यांनी १९८५ मध्ये नेमकं काय पाहिलं ते सांगतो, कारण व्याख्यानवाल्यांचा सगळा डोलारा इथे उलटा होतो. आमवाताच्या रुग्णांच्या आयजीजीवर साखर जास्त नव्हती. ती कमी होती. साखळीच्या टोकाचं गॅलॅक्टोज गळालेलं होतं. पुढे ल्यूपस या दुसऱ्या स्वयंप्रतिकार रोगातही तशीच उणीव दिसली. साखर चढली म्हणून शरीर उलटलं, हा सिद्धान्त ज्या निरीक्षणावर उभा केला, ते निरीक्षणच साखर उतरल्याचं आहे.

मग गॅलॅक्टोज खायचं का? तेही नाही. पेशी आपल्याला लागणारं गॅलॅक्टोज ग्लुकोजपासून स्वतः तयार करते, आणि ग्लुकोज खाल्लं नाही तर यकृत ते बनवतं. आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम चमचाभर ग्लुकोज असतं आणि शरीर ते प्राणपणाने तेवढंच राखतं. ताईने अकरा महिने चहा बिनसाखरेचा घेतला, त्याने तिच्या प्रतिपिंडावरचा एकही टाका बदलला असेल असं मानायला आधार नाही. गॅलॅक्टोज कमी पडतं ते कच्चा माल संपला म्हणून नव्हे, तर कारखान्यातला तो टाका घालणारा हात आखडला म्हणून.

तो हात सैलही होतो, आणि हे ताईच्याच आयुष्यात घडलं आहे. तिचा आमवात लग्नानंतर दोन वर्षांनी सुरू झाला. वर्षभराने दिवस राहिले, तेव्हा औषधं थांबवलेली होती. सगळ्यांना धास्ती वाटली. पण चौथ्या महिन्यापासून तिची बोटं मोकळी होत गेली. सातव्या महिन्यात ती पूर्वीसारखं पीठ मळत होती. बाळंत झाली आणि दोन महिन्यांत दुखणं दुप्पट जोराने परत आलं. सासरच्या वडीलधाऱ्यांनी दोष दिला डिंकाच्या लाडवांना. तीच गोष्ट ताईच्या मनात अठ्ठावीस वर्षं घर करून होती, आणि व्याख्यानाचं बी पडलं ते या तयार जमिनीत.

लाडू निर्दोष होते. गरोदरपणात आमवात ओसरतो, हे फिलिप हेंच यांनी १९३८ मध्येच नोंदवलं होतं. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की गरोदरपणात आयजीजीवरचं गॅलॅक्टोज वाढतं, बाळंतपणानंतर उतरतं, आणि आमवाताचा चढउतार त्याच्याशी बराच मेळ खातो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हे गॅलॅक्टोज वाढवतं, हेही नंतर दिसलं. गरोदरपणात आराम पडण्याची इतरही कारणं आहेत. सगळं श्रेय मी एका शर्करेला देत नाही. पण नऊ महिने ताई पेढे, शिरा, मेथीचे लाडू असं सगळं खात होती आणि तेव्हाच तिची बोटं सर्वांत सुखात होती. खाल्लेल्या साखरेने आमवात होतो असं म्हणणाऱ्याने आधी या नऊ महिन्यांचा हिशेब द्यावा.

आता दुसरा प्रतिपक्ष. हा व्याख्यानवाल्यांचा नाही, माझ्याच व्यवसायबंधूंचा आहे, आणि त्याच्याशी वाद घालणं जास्त कठीण आहे. त्यांचं म्हणणं असं की जनुक आणि प्रथिन हेच मूळ. शर्करा ही वरची नक्षी. ती बदलते हे खरं, पण ताप आल्यावर अंग तापावं तशी रोगामुळे बदलते. या मताला सर्वांत भक्कम आधार आपल्या मुंबईतच सापडतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट कळवला. जग त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं. ए, बी, ओ हे गट म्हणजे तांबड्या पेशीवरच्या शर्करांचेच फरक. ओ गटातही 'एच' नावाचा पाया असतो. भेंड्यांच्या या रक्तगटात तो पायाच नाही, कारण एक फ्यूकोज बसवणारं विकर काम करत नाही. मुंबई परिसरात दहा हजारांत एकाच्या आसपास माणूस असा असतो, आणि तो ठणठणीत असतो. कामाला जातो, म्हातारा होतो. मग नक्षी नसल्याने काय बिघडलं?

हा आक्षेप मी विद्यार्थ्यांना नेहमी देत आलो, कारण तो खरोखर चांगला आहे. त्याचं उत्तर दोन टप्प्यांत येतं. पहिलं, त्याच ठणठणीत माणसाला अपघातानंतर ओ गटाचं रक्त चढवा. त्याच्या शरीरात 'एच'विरुद्ध प्रतिपिंड तयारच असतात. चढवलेल्या पेशी फुटतात आणि जीवावर बेततं. ज्या फरकाने जीव जाऊ शकतो त्याला नक्षी म्हणता येत नाही. दुसरं उत्तर १९९२ मध्ये आलं. काही मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होत होता, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, तरी जखमेत पू होत नव्हता. तपासलं तर त्यांचा रक्तगट बॉम्बे निघाला. पण या मुलांत एका विकराचा प्रश्न नव्हता. संपूर्ण शरीरात फ्यूकोजच बसत नव्हतं. पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडते ती तिच्यावरच्या फ्यूकोजयुक्त शर्करेच्या आधाराने. तो आधार नसल्याने सैन्य रस्त्यावरून नुसतं वाहत होतं. शर्करा तीच, एका पेशीवरून गेली तर चालतं, दुसरीवरून गेली तर मूल वारंवार आजारी पडतं. आणि अशा काही मुलांना तोंडाने फ्यूकोज दिल्यावर सुधारणा झाली. म्हणजे 'शर्करा खाऊन कधीच काही होत नाही' असंही विधान मी करत नाही. एका जन्मजात विकारात मॅनोज देऊनही रुग्ण सावरतात. पण ते नेमक्या विकरदोषावरचं नेमकं औषध आहे. 'आठ आवश्यक शर्करा' म्हणून महागड्या भुकट्या विकणाऱ्यांना त्याचा आधार घेता येणार नाही.

राहिला प्रश्न कारण की परिणाम. इथे मी आवाज चढवून बोलणार नाही. गॅलॅक्टोजची उणीव क्षयातही दिसते, क्रोन्स या आतड्याच्या आजारातही दिसते, वयाबरोबरही वाढते. ती आमवाताची खूण म्हणून पुरेशी नाही. पण ती निव्वळ सावलीही नाही. ज्यांना पुढे आमवात झाला अशांच्या साठवलेल्या रक्तात ही उणीव सांधे दुखायला लागण्याआधीच सापडली. उंदरांमध्ये प्रयोग झाला: स्ट्रेप्टोकॉकस जंतूचं एंडोएस नावाचं विकर आयजीजीची साखळी कापतं, तसे कापलेले प्रतिपिंड सांधे सुजवू शकले नाहीत. सांध्यांवर उलटलेले प्रतिपिंड तेच, फक्त टाका काढला. २०१७ मध्ये 'नेचर इम्युनॉलॉजी'त आलेल्या संशोधनात हे आणखी स्पष्ट झालं. प्रतिपिंड आधीपासून हजर होते. दाहाच्या संकेतांनी त्यांच्या टोकाचं सियालिक आम्ल कमी झालं तेव्हा ते घातक झाले. नक्षी म्हणणाऱ्यांनी या प्रयोगांना उत्तर द्यायला हवं.

मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा मात्र मूत्रपिंडातला आहे. आयजीए नेफ्रोपथी हा आजार झां बर्जे यांनी १९६८ मध्ये पॅरिसमध्ये ओळखला, आणि भारतात तो बऱ्याच तरुण रुग्णांत जोराने पुढे सरकतो. आयजीए१ या प्रतिपिंडाच्या बिजागरीवर छोट्या शर्करा असतात. या आजारात तिथलं गॅलॅक्टोज गायब असतं. उघड्या पडलेल्या त्या टोकाविरुद्ध शरीर दुसरे प्रतिपिंड बनवतं, दोघांच्या गुठळ्या होतात आणि त्या मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. 'प्रथिन शरीराला परकं वाटतं' हे वाक्य कुठे खरं असेल तर ते इथे, आणि इथेही ते साखर कमी झाल्यामुळे. या बिजागरीच्या शर्करा हुडकायला जी प्रथिनं वापरतात त्यांतलं एक आपल्या फणसाच्या आठळीत सापडतं. त्याला जॅकलिन म्हणतात. ते आयजीए१ला निवडून धरतं, आणि त्याची त्रिमिती रचना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उलगडली गेली. कोकणात आठळ्या भाजून खाताना आपण हे पारखी प्रथिन चावून टाकत असतो, हे मला दर मे महिन्यात आठवतं.

तर पूर्वपक्षाच्या तीन खऱ्या गोष्टींचं काय उरलं? गोड पेयांची ती पाहणी संबंध दाखवते. तो संबंध वजन, दाह, इतर सवयी अशा कित्येक वाटांनी येऊ शकतो, आणि प्रतिपिंडावर साखर चिकटल्याचं ती कुठेही म्हणत नाही. थंड पेयं सोडायला ती पुरेशी आहे. गोळी सोडायला नाही. आज या सगळ्या ज्ञानातून आमवाताची नवी गोळी तयार नाही, रोज वापरायची तपासणीही नाही, आणि कुणी असं सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नये. पण उपचार नाहीत असं मात्र अजिबात नाही. लखनौसारख्या शहरात तर मुळीच नाही. रायबरेली रोडवरच्या संजय गांधी संस्थेत, जिला सगळं शहर पीजीआय म्हणतं, अशाच स्वयंप्रतिकार रोगांसाठी क्लिनिकल इम्युनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. उत्तर प्रदेश-बिहारच्या गावांतून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं सकाळी तिथे रांगेत उभी असतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना ताईला वर्षानुवर्षं मिळालं तेच औषध मिळतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ताईच्या कागदावरचा 'ग्लायकोसिलेटेड' शब्द पेनाने खोडला आणि वर 'ग्लायकेटेड' लिहिलं. मग आम्ही दोघं दोन तास बोललो. चिकनची जाळी, डिंकाचे लाडू, भेंड्यांचा रक्तगट, सगळं. लाडवांचं ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे सासूबाईंनी उगाच मला इतकी वर्षं…" आणि वाक्य तिथेच सोडलं.

पुढच्या सोमवारी भावजी तिला तिच्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासून मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झालं. सूज महिना-दीड महिन्यात उतरू लागली, असं तिने फोनवर सांगितलं. आता मनगट सकाळी लवकर मोकळं होतं. उजव्या हाताची ती दोन बोटं मात्र सरळ होणार नाहीत. गोळी बंद होती त्या महिन्यांत त्या पेरातली कूर्चा झिजली, ती परत येत नाही. कुडत्याचे हुक आता तिची मुलगी लावून देते. चहा ती अजून बिनसाखरेचाच घेते, आणि ५.९चा तो आकडा बघता मी त्याला नाही म्हटलेलं नाही.